भोंगा तर वाजत होता

१४ जानेवारी

भाचीबाई,

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माणसं रिकामी बसून असतात असं तुमच्या कंपनीला कोणी सांगितलं? परवा तुमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. आली म्हणजे यायला लागली. सकाळच्या चहाला पडद्यावर 'नवीन आवृत्ती उतरवत आहे' अशी पाटी लागली, ती शिफ्ट संपेपर्यंत हटली नाही. आमच्याकडचं इंटरनेट म्हणजे मनात आलं तर चालणार. आणि त्या भिंतीवरच्या खोक्यात जागा एवढीशी, की जुनं काढून टाकल्याशिवाय नवं मावत नाही. म्हणजे दिवसभर पडदा काळा आणि मी या वयात हातात टॉर्च घेऊन एकेका गेजला नाक लावून उभा. साहेब दोनदा येऊन डोळे वटारून गेला. म्हटलं, घरचंच कार्टं आहे, सांभाळून घ्या.

आता थट्टा बाजूला. पुढचं वाच आणि पोटात ठेव, तुझ्या आईलाही सांगू नकोस.

आमची सगळी थंडी अमोनियावर चालते आणि अमोनिया सुटला तर आधी डोळे जातात, मग छाती. तुमचं खोकं हवेतला गॅस मोजतं. प्रमाण वाढलं की भोंगा वाजवतं आणि ड्यूटीवरच्या फोनवर संदेश टाकतं. तो भोंगा मला ऐकू येत नाही. कंप्रेसरच्या शेजारी जन्म गेला, कानांनी कधीचा राजीनामा दिला. समोर उभं राहून कोणी बोललं तर ओठांवरून कळतं, पाठ फिरवली की संपलं. म्हणून मी फोन उचलत नाही आणि पत्रं लिहितो. माझा भोंगा म्हणजे खिशातला ड्यूटीचा फोन. तो मांडीवर थरथरला की मी बाहेर पळायचं, एवढंच माझं शास्त्र. परवा तुमचं खोकं बंद, म्हणजे खिसाही बंद. दिवसभर जीव मुठीत धरून फिरलो.

हे वर कळलं तर मला त्याच दिवशी घरी बसवतील. घरी बसून मी काय करू? भिंतींशी बोलू? त्यांचंही मला ऐकू यायचं नाही. तेव्हा तुझं ते धूड जरा बारीक कर, बाई.

तुझा मामा


२३ जानेवारी

मामा,

पत्र वाचताना आधी हसले, मग हसू गेलं. एवढी वर्षं तू फोन उचलत नाहीस म्हणून आम्ही तुला तुसडा समजत होतो. आई तर रोज म्हणते, बहिणीचा फोन घेत नाही, याला शिंगं फुटलीत. तिला काही बोलले नाही. पण हे फार दिवस लपवून ठेवणं बरं नाही, एवढं सांगते.

धुडाचं म्हणशील तर दोष आमचाच आहे. आम्ही प्रोग्राम आमच्या भाषेत लिहितो. मग कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो. ते एकदाच करायचं असतं. एकदा झालं की कंपायलरचं काम संपलं, त्यानं घरी जावं. पण आमच्याकडे गंमत अशी की ज्या डब्यात हे सगळं बांधकाम होतं (आम्ही त्या डब्याला इमेज म्हणतो), तोच डबा आम्ही जसाच्या तसा उचलून तुम्हाला पाठवतो. त्यात कंपायलर, त्याची अवजारं, आमचं मूळ लिखाण आणि वर एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम. तू जेवणाचा डबा मागितलास आणि आम्ही ओट्यासकट स्वयंपाकघर पाठवलं, स्वयंपाकीणबाईंना आत बसवून. नऊशे एमबीच्या त्या डब्यात आपला खरा प्रोग्राम पंधराचासुद्धा नाही.

हे आधी कोणी केलं नाही, कारण ऑफिसात इंटरनेट धो धो येतं, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. तुझं अडतंय, म्हणून मी करते. एका डब्यात बांधायचं. मग दुसरा रिकामा डबा घ्यायचा, त्यात फक्त तयार प्रोग्राम उचलून ठेवायचा, आणि पहिला डबा इथेच टाकून द्यायचा. तुला फक्त दुसरा येईल.

वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, तुझी इतर कामं सांभाळून कर. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कर. करीन.

तुझी भाची


४ फेब्रुवारी

भाचीबाई,

स्वयंपाकीणबाईंचं पैलवानाला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, बाईंना राहू द्या, बाकीचं काढा.

पैलवान म्हणजे माझा जोडीदार. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून हे नाव. प्लांटमध्ये माझ्या कानांचं गुपित फक्त त्याला माहीत आहे. त्यानं ते स्वतःच्या बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि त्या घरात तर डाळीत मीठ किती पडलं याचीही चर्चा होते. मागच्या तपासणीला आम्हाला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. 'पुढचा नंबर माझा' म्हणून हा डॉक्टरीणबाईच्या मागे जाऊन उभा राहिला. तिनं बटण दाबलं की हा डोकं खाजवायचा आणि मी बोट वर करायचो. अहवाल आला की माझे कान विशीतल्या पोराचे आहेत. पैलवानाच्या डोक्यात मात्र उवा झाल्यात, अशी प्लांटभर बोंब झाली.

आमच्याकडे आत फोन न्यायला मनाई आहे. सगळ्यांचे गेटवरच्या कपाटात जमा होतात. फक्त ड्यूटीचा एक फोन आत राहतो, तो माझ्याकडे. भोंगा वाजला की असाल तिथून निघायचं आणि गेटवर जमायचं, हा नियम. पैलवान म्हणतो, तुझा खिसा शाबूत आहे तोवर मला घोर नाही. खिसा थरथरला की तू माझ्या आधी गेटवर पोचशील, म्हातारा असलास तरी घाबरट आहेस.

जेवणाची सुट्टी माझ्यापायी घालवू नकोस. जेवून घे आणि मग कर.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

झालं! अकरा एमबी!

आधी भीतभीत ऑपरेटिंग सिस्टीम बदलून हलकी घेतली, तर डबा साठाच्या आसपास आला. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मग चेव चढला. आपला प्रोग्राम भाषांतर होऊन तयार आहे, त्याला कोणाच्या आधाराची गरज नाही, मग ही हलकी सिस्टीम तरी कशाला? डबा अगदी कोरा घेतला. त्यात प्रोग्राम आणि फक्त प्रोग्राम. प्रोग्रामच्या पोटातही चुका शोधायला उपयोगी पडणारी माहिती असते, तीही खरवडून काढली. ऑफिसात सगळे माझ्या खुर्चीमागे जमले होते. वरिष्ठ म्हणाले, हे आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना देऊ. आजवर त्यांना माझं नावही धड आठवत नव्हतं.

आता त्या डब्यात कमांड द्यायची सोयसुद्धा नाही. आत शिरून काय चाललंय बघावं म्हटलं तर दारच ठेवलेलं नाही. वरिष्ठांच्या मते हा फायदाच, कारण चोरालाही दार नाही.

सगळं तपासलं आहे. आकडे दिसतात, भोंगा वाजतो, संदेश माझ्या फोनवर आला. तिथे उतरलं की तू चाचणीचं बटण दाबून बघ आणि मला कळव. चाचणीत संदेश येणार नाही, फक्त भोंगा वाजेल. तुमच्या साहेबांनीच ते बंद करायला लावलंय, चाचणीच्या संदेशांनी त्यांची रविवारची झोपमोड होते म्हणून.

तुझी, स्वयंपाकघर फेकून दिलेली भाची


२८ फेब्रुवारी

भाचीबाई,

शाब्बास! चहाचा कप खाली ठेवला आणि वर बघतो तो पडद्यावर आकडे हजर. मला वाटलं काही बिघडलं. पैलवान म्हणाला, बिघडलं नाही, तुझी भाची शहाणी आहे, तुझ्यावर गेलेली नाही.

बटण दाबलं. पैलवान दारात उभा राहून अंगठा दाखवत होता. भोंगा ठणठणीत आहे म्हणे.

संदेशाचीही एकदा खरी चाचणी करून घ्यावी असं मनात आलं होतं. पण त्यासाठी साहेबाकडे जावं लागणार आणि तो विचारणार, एवढा मोठा भोंगा असताना तुम्हाला फोनचं काय पडलंय? मग मी काय सांगू? तू पाहिलंस ना, झालं तर मग.

उन्हाळा तोंडावर आला. छपरावरचे मोठे पंखे साफ करायचे आहेत. ते काम मला आवडतं. वर वारा असतो, कोणी बोलायला येत नाही, त्यामुळे ऐकू आल्याचं नाटकही करावं लागत नाही. खिसा बरोबर असतो, म्हणून बिनघोर चढतो.

तुझ्या हाताला यश आहे. असंच राहो.

मामा


९ एप्रिल

मामा,

महिना उलटून गेला, तुझं पत्र नाही. आधीच्या दोन पत्रांनाही उत्तर नाही. पंख्यांच्या प्रेमात पडलास की काय?

इकडे माझी चंगळ आहे. तीस प्लांटना तो हलका डबा गेला. परवा वरिष्ठांनी मला सगळ्यांसमोर उभं करून, कसं केलं ते सांगायला लावलं. मी स्वयंपाकघराचा दृष्टांत दिला, लोक हसले. मामानं तक्रार केली म्हणून झालं, असंही सांगितलं. तुझ्या कानांबद्दल अर्थातच नाही.

आईनं तुला दोनदा फोन केला. आता ती फोन बाजूला ठेवून देते. एक ओळ लिही, म्हणजे मी तिला वाचून दाखवीन.

तुझी भाची


१६ एप्रिल

चि. भाचीस,

आईला सांग मी ठीक आहे.

मागच्या महिन्यात प्लांटमध्ये गॅस सुटला. कंप्रेसरच्या खोलीत एका जुन्या व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलं. मला काही झालं नाही. पैलवान गेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला.

लिहायला धीर होत नव्हता.

एकच विचारतो. छपरावर फोनला रेंज मिळत नाही, असं होतं का? मला तर वर नेहमी रेंज दिसते. त्या दिवशी खिसा थरथरला नाही. संदेश उशिरा येतो का कधी? अजूनही आलेला नाही, म्हणून विचारतो.

मामा


२४ एप्रिल

मामा,

रेंजचा दोष नाही. संदेश निघालाच नव्हता.

तुझं पत्र आल्या आल्या मी तुमच्या खोक्याच्या नोंदी मागवल्या. त्या दिवशी दुपारी प्रोग्रामनं गॅस बरोबर ओळखला, भोंगा बरोबर वाजवला, आणि मग संदेश पाठवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी एकच ओळ आहे: समोरच्याची ओळख पटत नाही.

संदेश पोचवणारी कंपनी वेगळी आहे. तिच्याशी बोलण्याआधी प्रोग्राम खात्री करून घेतो, की हा खराच तो आहे, कोणी तोतया नाही. त्यासाठी कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा याची एक फाईल लागते. ती ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर आपोआप येते. आम्ही ती कधी हातानं ठेवत नाही, त्यामुळे ती आहे हेही कोणाच्या डोक्यात नसतं. मी सिस्टीम फेकली, तिच्याबरोबर ती फेकली गेली. प्रोग्रामला कोणाचीच ओळख पटेना, म्हणून तो कोणाशीच बोलला नाही. ती फाईल पाव एमबीचीही नाही, मामा.

मी लिहिलं होतं, संदेश तपासला. तपासला होता. पण माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, डबा भरण्याआधी. तिथे ती फाईल आहे. डबा भरल्यावर मी फक्त आकडे आणि भोंगा बघितला. तेव्हा मला अकरा या आकड्याशिवाय काही दिसत नव्हतं.

काल दुरुस्त डबा सगळीकडे गेला. त्याचा आता काय उपयोग?

पैलवानाचं नेमकं काय झालं ते मला सांग. मला कळलं पाहिजे.

भाची


४ मे

भाचीस,

तुझं पत्र वाचून फाडलं. मग तुकडे टेबलावर जुळवले आणि पुन्हा वाचलं. रागावलो का, तर हो, रागावलो. मग आठवलं, बारीक कर म्हणून कोकलत होतो तो मीच.

काय झालं ते सांगतो, पुन्हा विचारू नकोस.

दुपारचं जेवण झालं आणि मी छपरावर गेलो. कोणाला सांगून गेलो नाही, ही माझी चूक. वारा माझ्याकडून खाली जात होता, म्हणून वासही आला नाही. मी पंख्याची पाती पुसत होतो. चांगला लागलो होतो कामाला. फडकं संपलं म्हणून शिडीनं खाली उतरलो, तर सगळे गेटवर उभे आणि तोंडं कंप्रेसरच्या खोलीकडे. त्यांनी मला पाहिलं आणि भूत पाहिल्यासारखे बघत राहिले. साहेब धावत आला. त्याचे ओठ मला नीट दिसले. 'तुम्ही आत नव्हता?' असं तो म्हणत होता. मी म्हटलं, छपरावर होतो, उतरायला वेळ लागला, आणि त्यानं ते मानलं.

पैलवान पहिल्या झटक्यात गेटवर पोचला होता. त्यानं माणसं मोजली, मी नाही. फोन सगळ्यांचे कपाटात. गेटवाला सांगतो, तो नुसता म्हणाला, "त्याला कळलं असणारच. कळूनही आला नाही, म्हणजे पडलाय." गेटवाल्याला याचा अर्थ लागला नाही. मला लागला. त्याला वाटलं माझा खिसा थरथरला असणार. तो त्या खिशाच्या भरवशावर आत गेला, भाची. मास्कचं कपाट पलीकडच्या खोलीत, तिकडे जायला तो थांबलाच नाही. मी वर पंखे पुसत होतो आणि तो खाली मला शोधत होता.

चौकशी झाली. भोंगा चालू होता, सूचना मिळाली होती, तरी कामगार मास्कशिवाय आत गेला, सबब त्याचा निष्काळजीपणा. कच्च्या अहवालात असं लिहिलंय. त्याची बायको प्लांटवर आली होती. मला समोर धरून एकच विचारत होती, "हे असे कसे गेले? हे तर गाडीला किल्ली लावायच्या आधी हेल्मेट घालणारे." मी मान खाली घातली. मान खाली घातली की मला काही ऐकू येत नाही, ती सोय आहे.

आता माझं ऐक. तू गप्प बस, मीही गप्प बसतो. तुझी नोकरी आहे, माझी थोडी उरली आहे. गेलेला माणूस काही परत येत नाही.

मामा


१२ मे

मामा,

मी गप्प बसले नाही.

वरिष्ठांना नोंदी दाखवल्या. ते म्हणाले, दुरुस्ती झाली आहे ना, मग लेखी काही नको, भोंगा वाजला होता, आपली जबाबदारी तिथे संपते. दोन रात्री झोपले नाही. मग चौकशीवाल्यांना सगळं लिहून पाठवलं: डबा कसा बारीक केला, काय राहिलं, मी काय तपासलं नाही. माझ्या सहीनं. सोमवारपासून मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटेल कदाचित पुढे.

तुझ्या कानांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

पण आज त्यांचं उत्तर आलं, ते जसंच्या तसं देते. 'संदेश गेला नाही हे मान्य. मात्र भोंगा वाजत होता आणि तो सर्व कामगारांना ऐकू येत होता. तेव्हा संदेश न गेल्यामुळे नेमका काय फरक पडला, याचा खुलासा करावा.'

खुलासा मला माहीत आहे. पण तो माझा नाही, तुझा आहे. तू सांगितल्याशिवाय मी तो देणार नाही, शब्द आहे. मात्र तो दिला नाही तर कागदावर हेच राहणार, की माझी चूक किरकोळ होती आणि पैलवान स्वतःच्या बेफिकिरीनं मेला. त्याच्या बायकोला तेच वाचायला मिळेल. तुझ्यासाठी जीव देणाऱ्या माणसाला आपण दोघं मिळून मूर्ख ठरवणार आहोत, मामा.

मला हे तुला लिहिताना फार वाईट वाटतंय. तू माझा मामा आहेस आणि मी तुझ्याकडे असं काही मागते आहे.

भाची


२६ मे

भाचीबाई,

तुझं पत्र खिशात घालून बरेच दिवस फिरलो. शेवटी काल खुलासा दिला, सहीनिशी. कान, तपासणीतली लबाडी, खिसा, छप्पर, सगळं. पैलवानाला डोकं खाजवायला मी लावलं, असं लिहिलं. त्याला मी लावलं नव्हतं, त्यालाच हौस होती, पण ते आता माझ्याकडे राहू दे. साहेबानं फोन आणि किल्ल्या काढून घेतल्या. उद्यापासून मी घरी. आईला खरं काय ते सांग, म्हणावं तुझ्या भावाला शिंगं नव्हती फुटली.

पण चौकशीवाल्यांच्या आधी पैलवानाच्या बायकोला कळायला हवं, असं वाटलं. म्हणून परवा त्याच्या घरी गेलो. तिसरा मजला. दारामागे त्याचं हेल्मेट अजून टांगलेलं आहे. तिनं पाणी दिलं, समोर बसली. मी सगळं सांगितलं. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही, पण शेजारच्या दारातून कोणीतरी डोकावून गेलं, म्हणजे बराच चढला असणार. मला ऐकू येत नाही हे सांगितलं. तो मला शोधायला गेला आणि मी तिथे नव्हतो, तेही सांगितलं. ती नुसती बघत होती.

माझं संपलं तशी ती उठली. खिडकीपाशी गेली, मोरीच्या कट्ट्याला दोन्ही हात टेकले आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली. बोलत होती हे नक्की. गालाचं हाड हलत होतं, खांदे वरखाली होत होते. मधे तिनं नळ सोडला, बंद केला आणि पुन्हा बोलत राहिली. फार वेळ बोलली. मला ऐकू येत नाही हे मी नुकतंच सांगितलं होतं. ती ते विसरली, की लक्षात ठेवूनच तिनं पाठ फिरवली, देव जाणे. उठून पुढे जावं, तिचं तोंड बघावं असं दहादा मनात आलं. उठलो नाही. खिशात पेन होतं, लिहून द्या म्हणायचाही धीर झाला नाही.

मग ती वळली. ओठ मिटलेले. तिनं पदरानं हात पुसले आणि दार उघडून बाजूला उभी राहिली. मी मान हलवली आणि जिना उतरलो. तिनं मला माफ केलं की तळतळाट दिला, जे काही होतं ते ती सगळं बोलली, आणि मी तिथेच बसलो होतो.

तुझा मामा